गॅस नसलेल्या खोलीत दोघांचा स्वयंपाक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कांदिवलीत अकरा महिन्यांच्या करारावर एक खोली घेतली आहे. गॅसची शेगडी आणि सिलिंडर ठेवायला मालकांची मनाई आहे, विजेवर काय हवं ते करा म्हणतात. दोघंही नोकरीला, घरी यायला साडेआठ वाजतात. रोज बाहेरून मागवून पोट बिघडलंय. फ्रिज आहे, पण छोटा. काय काय विकत घ्यावं, त्यावर घरच्यासारखं जेवण होईल का, आणि मासे करता येतील का?

होईल, आणि मासेही करता येतील. दादर-परळ भागात नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींना मी स्वयंपाक शिकवते. बहुतेकांच्या खोलीत गॅस नसतो. त्यांची ओढाताण मी पाहते ती एकाच कारणाने होते: गॅसवरचा सगळा स्वयंपाक जसाच्या तसा विजेवर उतरवायला जातात. फुलका, भाकरी, तळण, भाजलेलं वांगं ही जाळावरची कामं. भात, वरण, खिचडी, उसळ, कालवण, उकडलेली भाजी, इडली ही पाण्याची आणि वाफेची कामं. पाणी तापवायला वीज उत्तम. १,५०० वॉटच्या किटलीत लिटरभर पाणी साधारण चार मिनिटांत उकळतं. तेव्हा पाण्याची आणि वाफेची कामं घरात करा, जाळावरची मुंबईकडून विकत घ्या. पुढचं सगळं याच हिशोबाने सांगते.

दुकानात जायच्या आधी भिंतीकडे बघा. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. साधा छोटा पॉइंट ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १,३८० वॉट झेपणारा. जाड पिनांचा मोठा पॉइंट १६ अँपिअरचा, त्यावर साडेतीन हजार वॉटपर्यंत चालतं. इंडक्शन पूर्ण ताकदीवर २,००० वॉट ओढतं, जवळजवळ ९ अँपिअर. ते मोठ्या पॉइंटवरच लावायचं. भाड्याच्या खोलीत मोठे पॉइंट बहुधा दोनच असतात, एक गीझरचा आणि एक एसीचा. एसी नसेल तर तो तुमचा स्वयंपाकाचा पॉइंट, त्याच्याजवळच ओटा मांडा. त्याच्यापासून लांब टेबल ठेवायचं म्हणून एक्स्टेंशन बोर्ड लावू नका. जाड पिन छोट्या पॉइंटमध्ये बसवणारा तो पांढरा अडॅप्टर तर घरातच आणू नका. प्लग गरम लागायला लागला, काळपट पडला किंवा जळका वास आला की उपकरण लगेच बंद.

जुन्या इमारतीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. सॉकेट नवा, मोठा बसवलेला असतो आणि मागे वायर जुनी, बारीक. वायरमनला बोलावून एकदा उघडून बघायला सांगा. मोठ्या पॉइंटमागे निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी, ४ ची असेल तर फारच चांगलं, आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं हवं. बिलावर मंजूर भार किलोवॉटमध्ये छापलेला असतो, तो मालकांकडून बघून घ्या. गीझर आणि इंडक्शन एकाच वेळी लावू नका. खोलीत मोरी असेल तर तिच्या कठड्यावर किंवा शिंतोडे उडतील इतक्या जवळ विजेचं काहीही ठेवायचं नाही. मुख्य स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर तेवढा बसवून द्या असं मालकांना आवर्जून म्हणा. गॅसला मनाई करणाऱ्या मालकांनी विजेची एवढी काळजी घ्यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता पहिली खरेदी: राइस कुकर. इंडक्शन नंतर. बहुतेक जण उलट करतात. दोघांना दीड ते १.८ लिटरचा, पाचशे ते सातशे वॉटचा पुरतो. तो छोट्या पॉइंटवर निर्धास्त चालतो आणि अर्ध्या तासाला एक तृतीयांश युनिटच्या आसपास वीज घेतो. त्याची रचना समजून घेतली तर तो खूप काम देतो. तळाशी एक चुंबक असतं आणि त्याने धरलेला मिश्रधातूचा तुकडा. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. पाणी भातात मुरलं की तळ तापतो, ठरावीक तापमानाला त्या तुकड्याचं चुंबकत्व जातं आणि बटण टक्कन सुटतं. म्हणजे कुकर वेळ मोजत नाही, पाणी संपण्याची वाट बघतो. म्हणूनच त्यात फोडणी करायला गेलं की बटण लगेच सुटतं. ते दाबून धरायला चिकटपट्टी लावणारे मी पाहिलेत. असं कधीही करू नका, आग टाळण्याची मुख्य सोय तुम्ही बंद करता.

जुन्या कोलमला वाटीस सव्वादोन वाट्या पाणी, इंद्रायणीला पावणेदोन ते दोन. तांदूळ तीन पाण्यांनी धुवा आणि दोन थेंब तेल घाला, म्हणजे झाकणातून फेस उतू जात नाही. बटण सुटल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, आणि कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, कारण डाळ फार फेसाळते. भात शिजताना वरच्या जाळीवर दुधी, फरसबी, गाजर, बटाट्याच्या फोडी, दोन अंडी, जे असेल ते ठेवा. खाली खर्च होणाऱ्या वाफेवरच ते शिजतं. बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर केला, त्यातही एकावर एक डबे ठेवून एकाच वाफेवर सगळं जेवण शिजायचं. तुमच्या खोलीला नेमकी हीच पद्धत हवी.

वरणाबाबत स्पष्ट सांगते. राइस कुकरमध्ये तूरडाळ प्रेशर कुकरसारखी गोळा होत नाही. रोजच्यासाठी मूग आणि मसूर धरा. घरी आल्याआल्या डाळ किटलीतल्या उकळत्या पाण्यात भिजत घाला, कपडे बदलून हातपाय धुऊन होईतो ती निम्मी मऊ होते. मग चपट्या स्टीलच्या डब्यात, डाळीवर बोटभर गरम पाणी ठेवून, जाळीवर. सकाळी आठला डाळ भिजवून ओट्यावर ठेवून जाऊ नका. मुंबईच्या हवेत ती संध्याकाळपर्यंत आंबते. भिजवायचीच असेल तर फ्रिजमध्ये.

दुसरी खरेदी इंडक्शन, आणि त्याबरोबर तीन लिटरचा इंडक्शनवर चालणारा स्टीलचा प्रेशर कुकर. इंडक्शन स्वतः तापत नाही. खालचं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या तळात वीज खेळवतं आणि भांडं तापतं. म्हणून भांड्याच्या तळाला चुंबक घट्ट चिकटायला हवं. ॲल्युमिनिअम, तांबं, पितळ त्यावर चालत नाही, स्टीलचीही काही भांडी चालत नाहीत. गावाकडून आईने दिलेली भांडी टाकून देऊ नका, फ्रिजवरचं चुंबक लावून एकेक तपासा. लोखंडी तवा बहुधा चालतो, पण आपले जुने तवे खोलगट असतात, फक्त मध्यभाग काचेला टेकतो आणि कडा गारच राहते. सपाट तवा घ्या. कुठलंही भांडं चालतं म्हणून इन्फ्रारेड शेगडी घ्यायचा मोह होईल. ती चालते, पण काच बराच वेळ तापलेली राहते आणि सगळी खोली तापते. एका खोलीत झोपायचं असताना, तेही मे महिन्यात, मी ती घ्यायला सांगत नाही.

स्वस्त इंडक्शनची एक खोड आधीच माहीत असावी. कमी आकड्यावर ठेवलं तरी ते मंद तापत नाही. काही सेकंद जोरात तापतं, काही सेकंद बंद पडतं, आणि सरासरी कमी येते. त्यामुळे दूध शांत दिसता दिसता एकदम वर येतं आणि कांदा एका दमात करपतो. उपाय जाड बुडाचं भांडं, ते मधल्या खंडात ऊब धरून ठेवतं. प्रेशर कुकर सुरुवातीला १,००० ते १,२०० वॉटवर ठेवा. २,००० वर शिट्टी झटपट होते पण डाळ तळाला लागते. पहिली शिट्टी झाली की सगळ्यात खालच्या आकड्यावर दहा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. तूरडाळ अशी लोण्यासारखी होते. रविवारी दोन दिवसांची शिजवून डब्यात भरून फ्रिजमध्ये टाकली की सोमवारी-मंगळवारी आमटीला पंधरा मिनिटं पुरतात.

इंडक्शनखाली वर्तमानपत्र, टॉवेल, प्लास्टिक काहीही अंथरू नका, हवा खालून आत जाते. आणि मुंबईत इंडक्शनचा मोठा शत्रू झुरळ. आत ऊब असते, झुरळं शिरतात आणि सर्किट बोर्ड जातो. काम झाल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत वाट बघा, मग प्लग काढा, पुसा आणि उभं करून झाकणाच्या डब्यात किंवा घट्ट पिशवीत ठेवा. पावसाळ्यात हे रोज. वाफेचाही विचार हवा: कुकर भिंतीच्या कपाटाखाली ठेवला तर लॅमिनेट फुगतं, आणि त्याचे पैसे डिपॉझिटमधून जातात. खिडकीशी ठेवा.

फोडणीला जरा वेळ देते, कारण घरच्यासारखी चव तिथेच येते किंवा जाते. आपलं कढलं इंडक्शनला कळतच नाही. तळ लहान असल्याने भांडं ठेवलेलंच नाही असं समजून ते शिट्ट्या मारतं. चौदा-सोळा सेंटिमीटर सपाट तळाचं जाड स्टीलचं छोटं पातेलं घ्या. तेल घालून ६००-८०० वॉट. एक मोहरी टाकून बघा, ती तडतडली की बाकीची मोहरी, मग जिरं. मोहरी फुटत असतानाच बंद करा, आणि हिंग, हळद, कढीपत्ता त्या उरलेल्या उष्णतेत. गॅसच्या सवयीने हळद चालू इंडक्शनवर टाकाल तर ती काळी पडते. तेल तापत असताना तिथून हलायचं नाही. गॅसवर जाळ दिसतो, इथे काहीच दिसत नाही आणि तेल झपाट्याने धुरावर येतं. पेटलंच तर पाणी कधीही नाही: स्विच बंद, वर घट्ट झाकण, आणि पातेलं हलवायचं नाही.

रोज एवढी फोडणी करायची नसेल तर रविवारी वाटीभर तेलाची करून ठेवा. मोहरी, जिरं, हिंग, सुकी मिरची आणि अगदी कुरकुरीत होईपर्यंत तळलेला कढीपत्ता. गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत. आठवडाभर ती भातावर, कोशिंबिरीवर, उकडलेल्या भाजीवर चमच्याने घालता येते. लसूण मात्र त्यात घालून ठेवू नका. तेलात बुडालेल्या ओलसर लसणात विषारी जंतू वाढायचा धोका असतो. लसूण लागेल तेव्हा ताजा परता.

या बरणीवर कितीतरी पदार्थ होतात. जाळीवर वाफवलेला कोबी किंवा फरसबी, त्यावर ओलं खोबरं, मीठ, चिमूटभर साखर, चमचाभर फोडणी, की भाजी झाली. काकडीची खमंग काकडी झाली. आणि दडपे पोहे, ज्यांना आच लागतच नाही. दोन वाट्या पातळ पोहे, अर्धी वाटी ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू, सगळं हाताने कालवायचं. नारळाचं पाणी शिंपडायचं आणि वर जड झाकण दडपून वीस मिनिटं ठेवायचं. मग फोडणी आणि वर चुरलेला पापड. उशीर झालेल्या रात्री याहून चांगलं जेवण मला सुचत नाही. त्याच्या जोडीला घरात मेतकूट, साजूक तूप, लिंबाचं लोणचं आणि शेंगदाण्याची चटणी कायम असू द्या. गरम भात, मेतकूट आणि तूप एवढ्यावर एक वेळ निभावते.

मोड आलेली कडधान्यं तुमच्यासाठी मोठी सोय. मटकी, मूग, सोललेलं बिरडं, निवडलेली मेथी, सोललेला लसूण हे सगळं दादरला आणि उपनगरांतल्या बऱ्याच स्टेशनांबाहेर बायका वाट्याने विकायला बसतात. ट्रेनमधून उतरल्यावर घेतलं की पाऊण तासात उसळ ताटात. ती रात्रभर पुन्हा मोड काढत ठेवू नका, लगेच धुऊन फ्रिजमध्ये किंवा कुकरात. राजम्याबद्दल एक सावधगिरी. कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि राजमा प्रेशर कुकरमध्येच शिजवा. थर्मासमध्ये उकळतं पाणी घालून किंवा मंद तापणाऱ्या स्लो कुकरमध्ये तो करू नका, तिथलं तापमान ते प्रथिन मारायला पुरत नाही.

मायक्रोवेव्ह आधीच असेल तर पापड, शेंगदाणे आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने ढवळत रवा भाजायला छान. नसेल तर पहिल्या वर्षी घेऊ नका. ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आणि एअर फ्रायरही तसंच. दोनशे अंशांवर टोचे मारलेलं वांगं अर्ध्या-पाऊण तासात मऊ होतं, पण भरताचा तो धुरकट वास येत नाही. साध्या किटलीत दूध, मॅगी, अंडी काही करू नका, ती पाण्यासाठीच ठेवा.

पोळीचं काय? घडीची पोळी तव्यावरच होते, जाळ लागत नाही, म्हणून इंडक्शनवर ती करता येते. पण एका खोलीत, रात्री साडेआठला, पीठ, लाटणं, तव्याचा धूर, हे नोकरी करून आलेल्या दोघांनी करावं असं मला वाटत नाही. पोळीभाजी केंद्रातून पोळ्या घ्या. यात कमीपणा काही नाही. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना खानावळ चालवणाऱ्या बायकांनीच जेवू घातलं, आणि त्यांच्या कष्टांना बँकेच्या कर्जाचा आधार मिळावा म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तुमच्या घराजवळच्या केंद्रातली बाई त्याच परंपरेतली आहे. रोजच्या पोळ्या तिच्याकडे बांधून टाका. सुती फडक्यात गुंडाळून आणा, तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून जराशा फिरवा. धिरडी, घावन, थालीपीठ मात्र घरीच करा. सपाट तव्यावर ८०० वॉटला झाकण ठेवून ती फार छान होतात.

तुमचा फ्रिज छोटा आहे, म्हणून उरलेल्या भाताबद्दल. शिजलेला भात बाहेर ठेवला तर त्यात बॅसिलस सिरिअस नावाचे जीवाणू वाढतात, आणि त्यांचं विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. तुमच्या पोटदुखीत बाहेरच्या फ्राइड राइसचा हात असू शकतो. जेवून झाल्यावर उरलेला भात चपट्या डब्यात पसरा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. कुकरच्या 'वॉर्म'वर रात्रभर नको. फ्रिजमध्ये जागा दही, डाळ, खोबरं आणि मोडांना द्या. दुधी, लाल भोपळा, कच्ची केळी, सुरण, कांदे-बटाटे बाहेर टोपलीत टिकतात, त्याच भाज्या जास्त आणा.

एका संध्याकाळचा क्रम सांगते. आल्याआल्या मोठ्या पॉइंटवर किटली, डाळ गरम पाण्यात, तांदूळ धुऊन बाजूला. वीस मिनिटांनी राइस कुकर चालू, वर डाळीचा डबा आणि भाजीच्या फोडी. कुकर छोट्या पॉइंटवर, इंडक्शन मोठ्यावर, तिथे उसळ किंवा आमटीची तयारी. साडेनऊला जेवायला बसता येतं.

आता मासे. इंडक्शनवर कालवण गॅसइतकंच चांगलं होतं, कारण ते पाण्यातलं काम. ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद यांचं वाटण पातळ करून उकळवा, कोकम टाका, मग बांगड्याचे तुकडे, आणि ८०० वॉटवर सात-आठ मिनिटं, ढवळायचं नाही, पातेलं फिरवायचं. मिक्सर नसेल तर बांगड्याचं तिखलं करा, त्याला वाटणच लागत नाही: तिखट, हळद, ठेचलेला लसूण, कोकम, थोडं पाणी, वरून कच्चं खोबरेल. पापलेटला हिरवी चटणी लावून केळीच्या पानात गुंडाळा आणि राइस कुकरच्या जाळीवर बारा मिनिटं, पुडी खालच्या भाताला न टेकता. यात धूर नाही आणि वासही कमी. तळलेला मासा हवाच असेल तर सपाट तव्यावर थोड्या तेलात, रव्यात घोळवून, १,००० वॉटवर, खिडकी उघडी आणि कपड्यांचं कपाट बंद करून. खवले आणि आतडी रात्रभर खोलीत ठेवू नका, मासे बाजारातूनच साफ करून आणा. मालक किंवा शेजारी मांसाहार चालवून घेत नसतील, तर हे करार करतानाच विचारलेलं बरं. तुमचा करार झालेला आहे, म्हणून पहिलं कालवण करायच्या आधी मालकांना एक फोन करा.